भुयार कुणी खोदलं

आधी एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. ते भुयार मी खोदलंय. मी, झुंबरबाईनं. पांडवांनी न्हाई, कुठल्या ऋषीनं न्हाई, आन देवानं तर अजिबात न्हाई. देवाला दुसरी लई कामं असतील. मला दुपारची भांडी घासून झाली की काम नसायचं, आन असलं तरी मी ते टाकून भुयारात जायची. संगं तुका असायची. आमी दोघींनी खोदलंय. हे सांगून सांगून माजा घसा बसला, पण कुणाच्या डोक्यात शिरलं न्हाई. तुमी तरी नीट ऐका.

डिंगोऱ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. घरामागं पिवळ्या मुरमाचं टेकाड हाय. पावसाळ्यात अंगणात चिखल व्हतो म्हणून मी त्या टेकाडाचा मुरूम काढून अंगणात टाकायची. काढता काढता तितं कपार झाली. एक दिवस उन्हाची त्या कपारीत जाऊन बसले, तर आत माठातल्या पाण्यावाणी गार. म्हणलं, अजून जरा आत गेलं तर काय व्हईल? झालं. त्या दिवसापासून मला नाद लागला.

आता तुमी इचाराल, टिकाव कुठं शिकलीस? न्हाई शिकले, तीच तर गोम हाय. वयात व्हते तवा मी विहिरींच्या कामावर जायची. जुन्नर तालुक्यातल्या किती विहिरींची माती ह्या डोक्यावरनं वर आली. पण टिकाव बाप्यांच्या हातात, आन पाट्या बायांच्या डोक्यावर. एकदा मी नुसता टिकाव उचलून बगितला, तर मुकादम वसकन अंगावर आला. म्हणला, बाईनं घाव घातला तर विहिरीला पाणी लागत न्हाई. चांगली मोठी विहीर, सगळी माती आमी बायांनी वर काढली, तरी पाणी पळालं न्हाई. आमच्या एका घावानं मातर पळणार व्हतं! तवा गप बसले. मालक वारले, पोरगा कर्ता झाला, आन मंग मला इचारणारं कुणी उरलं न्हाई. टेकाड माजं, टिकाव माजा, हात माजे.

मुरमात टिकाव बसला की बारीक आवाज येतो. मंग ढेकूळ सुटतं, खाली पडतं, आन जितं कधीच उजेड गेला न्हाई तितं आपल्या बॅटरीचा उजेड जातो. ती जागा जगात पयल्यांदा आपण बगतो. मला येवढा आनंद कशानंच झाला न्हाई. पोरं झाली तवाबी न्हाई. हे बोलले की आमची सून नूतन तोंडाला पदर लावती आन म्हणती, "आत्या, असं बोलू नये." का बोलू नये? खरं हाय ते.

तुका म्हंजी तुकाबाई. ओढ्याच्या पल्याड राहती. मेंढरांवाल्या घरातली. अर्धं आयुष्य वाड्यावर, म्हंजी मेंढरांमागं रानोमाळ फिरण्यात गेलं. पोरानं मेंढरं विकून टाकली, तवापासून तिला घरात करमत न्हवतं. एकदा सहज बगायला आली आन घमेलं घेऊन बसली, ती बसलीच. एकीनं खोदायचं, एकीनं भरायचं, मंग पाळी बदलायची. खोदणारी येगळी आन वाहणारी येगळी, असलं आमच्यात काही न्हवतं. तुका लई भांडखोर. टेकूचं लाकूड कुठं लावायचं ह्याच्यावरून आमी दोन दोन दिवस बोलायचो न्हाई, पण खोदायला मातर दोघी हजर.

आत आत जाऊन आमी एक खोली काढली. दोन बाया उभ्या राहतील येवढी. तितं एक काळा दगड लागला. आमी त्याच्यावर छन्नी मोडली, पहार वाकवली, पण गडी जागचा हलला न्हाई. मंग ठेवला तसाच, बसायला बरा व्हता. त्याच्यावर बसून आमी भाकर खायचो. त्याच्यावर बसून तुका मिश्री लावायची आन बाजूलाच थुकायची. हे मी मुद्दाम सांगते.

वाडीतली लोकं काय इचारायची? "वैनी, धन घावलं का?" "पाण्यासाठी खोदता का?" "कांदा साठवणार का आत?" मी म्हणायची, न्हाई, हौस हाय. तर खिदळायची. बाईला हौस! मला माघारी घूस म्हणायची, आन आमच्या ज्ञानेश्वरला घुशीचा पोरगा. तो घरी येऊन माज्यावर खेकसायचा, "आये, इज्जत घालवलीस माजी." त्याच्या इज्जतीला काय झालं व्हतं? तो बैलगाडा शौकीन. छातीवर तसं छापलेलं बनियन घालून शर्यतीच्या घाटात नाचतो. घरातल्या पोरीला अंडं न्हाई पण बैलाला रोज अंडी. त्याला कुणी इचारलं का, की बाबा, बैल कशापायी पळवतोस? धन घावतं का? पाणी लागतं का? बाप्यानं केलं की शौक, आन बाईनं केलं की येडेपणा. मला लई राग यायचा. पण राग आला की मी आत जाऊन टिकाव घालायची, आन तो राग मुरमात जिरायचा. तेवढी एक जागा व्हती माजी. बाकी सगळं घर पोराच्या नावावर, सुनेच्या ताब्यात. भुयार माजं.

मंग माजी लेक सुप्रिया बाळंत झाली. तिला दिलीया मंचरजवळ, अवसरी बुद्रुकला. मी तितं जाऊन राहिले, बाळाचं न्हाऊमाखू केलं. मागची भिंत खोदायची अर्धी राहिली व्हती. तुकाला म्हणलं, मी येईस्तोवर एकटी आत जाऊ नगंस, टेकू बगायला कुणी न्हाई. तिनं ऐकलं. न ऐकती तर बरं झालं असतं.

परत येताना नारायणगावात उतरले, तितनं जीपनं डिंगोऱ्याला. वाडीत शिरते तर माज्या भुयाराच्या तोंडावर भगवा झेंडा. मी पिशवी टाकली आन पळाले. आत जाऊन बगते तर आमचा बसायचा दगड शेंदरानं लालभडक. त्याला चांदीचे डोळे! म्होरं नारळाच्या करवंट्या, उदबत्त्या. आन दगडाम्होरं मांडी घालून बसलाय दादाभाऊ, आमच्या शेजारचा.

झालं व्हतं असं, की दादाभाऊ तिनीसांजंला बांधावरनं येत व्हता. बिबट्या आडवा आला. आमच्याकडं उसामुळं बिबटे काही नवे न्हाईत, पण ह्याची पाचावर धारण बसली. पळत सुटला तो माज्या भुयारात शिरला. आत जाऊन त्या दगडाला मिठी मारून बसला आन म्हणला, देवा, मला वाचव, तुला शेंदूर लावीन. बिबट्या तोंडाशी आला, वास घेतला, निघून गेला. आता त्यानं मिश्रीचा वास घेतला आसंल, मी तरी दुसरं काय म्हणू? पण दादाभाऊनं नवस फेडला. एकदा का दगडाला शेंदूर लागला, की मंग आमच्याकडं त्याला दगड म्हणायची कुणाची छाती हाय? नाव ठेवलं भुयारोबा.

"दादाभाऊ," मी म्हणलं, "ऊठ. ह्यो माजा बसायचा दगड हाय."

"वैनी, आदी चपला काढ."

"आरं, मी आन तुकीनं ह्याच्यावर बसून भाकरी खाल्ल्यात!"

"आज्ञानात झालं ते देव माफ करतो."

"आन हे भुयार? हे कुणी खोदलं? तुज्या बानं?"

तो हसला. असा हसला, जसं काय मी ल्हान पोरगी हाय. म्हणला, "वैनी, तू माती काढलीस. भुयार आत व्हतंच की. देवाची जागा मातीनं बुजली व्हती, ती मोकळी करायची तुला बुद्धी झाली. ती बुद्धीबी त्याचीच."

माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हंजी माजे हात त्याचे, माजी अक्कल त्याची, माज्या कंबरेत भरलेली उसणबी त्याचीच का? ती मातर माजी! मी तितली उदबत्ती उचलून भाईर फेकली. दादाभाऊनं दोन्ही कानाला हात लावले आन दगडाकडं बगून म्हणला, "देवा, येडी हाय ती, मनावर घेऊ नगंस." मुडदा बशिवला त्याचा.

मला वाटलं, पोरगा तरी माज्या बाजूनं उभा राहील. काल लोकं घुशीचा पोरगा म्हणत व्हती, आता तरी सांगंल की आईनं खोदलंय. घरी गेले तर ज्ञानेश्वर ओसरीवर बसून मोबाईलवर फ्लेक्स बनवून घेत व्हता. श्री भुयारोबा देवस्थान जीर्णोद्धार समिती, अध्यक्ष म्हणून ह्याचा फोटू, गॉगल लावलेला.

"जीर्णोद्धार?" मी म्हणलं. "आरं, माज्या नातीपरीस ल्हान हाय ते भुयार! जुनं कधी झालं?"

"आये, तुला कळत न्हाई त्यातलं."

"मला कळत न्हाई? टेकू कुठल्या लाकडाचा हाय सांग. वळण का घेतलं ते सांग. सांग की!"

"तू हळू बोल. लोकं ऐकत्यात."

"ऐकू दे! तुज्या आईनं खोदलं म्हणून सांग लोकांना."

तवा तो उठला आन माज्या जवळ येऊन बारीक आवाजात म्हणला, "आये, आजवर तुज्यापायी खाली मान घालून फिरलो. आता कुठं लोकं अध्यक्ष म्हणून बोलावत्यात. तू मधी तोंड घातलंस तर माजं सगळं जाईल." त्याला खरंच वाटत व्हतं की त्याचं जाईल. माजं गेलं, हे त्याच्या गावीबी न्हवतं. मी त्याच्या त्या फोटूवर थुकले. नूतननं मोबाईल पदरानं पुसला आन आत गेली.

मंग कामाला सुरुवात झाली. माज्या भुयारात फरशा बसवल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, न्हाणीत बसवत्यात तसल्या! आमच्या टिकावाचे घाव भिंतीवर ओळीनं व्हते, माजे खोल आन तुकाचे तिरके. मी डोळे झाकून हात फिरवला तरी सांगायची, हा कुणाचा. त्याच्यावर सिमेंट थापलं. मी दारात उभी राहून त्या फरशीवाल्यांना शिव्या घालत व्हते, आन ते बिचारे चहा मागत व्हते. मागची भिंत तेवढी ओबडधोबड व्हती म्हणून तितं फरशी बसंना, ती तशीच राहिली. मंग तोंडाला लोखंडी गेट आलं, गेटाला कुलूप, आन कुलपाची चावी ज्ञानेश्वरच्या करदोट्याला.

गेटावर एक पाटी लावली. नूतनला म्हणलं, वाच. ती वाचंना. म्हणलं, वाच गं. मंग तिनं वाचलं, "महिलांना आत प्रवेश नाही." दादाभाऊच्या सपनात देव आला व्हता म्हणं, त्याला बाईमाणूस चालत न्हाई. इतकी वर्सं दोन बाया त्याच्या डोक्यावर बसत व्हत्या, तवा त्याचा काही आवाज निघाला न्हाई! शेंदूर लागल्याबरूबर लगीच बाई चालंना!

मला सगळ्यात जास्ती लागलं ते तुकाचं. मी तिच्याकडं गेले. म्हणलं, चल तुके, दोघी मिळून ग्रामपंचायतीत जाऊ, तू सांग, मी सांगते. तर ती ओट्यावर नारळ सोलत बसली व्हती. देवाला न्यायला.

"तुके, तुला ठाऊक हाय तो दगड काय हाय ते."

"ठाऊक हाय म्हणूनच भ्या वाटतं," ती म्हणली. तिनं माज्याकडं बगितलं न्हाई. "माज्या नातवाला ताप येतोय. दादाभाऊ म्हणतो, देवावर थुकलीस त्याचं फळ हाय. झुंबरे, तू भांड. तुजी नातवंडं धडधाकट हायेत."

"आगं, ताप सगळ्यांच्या पोरांना येतो! दवाखान्यात ने!"

"नेलंय. नारळबी नेते. दोन्ही करते."

पोराच्या अंगावरच्या तापाशी कोण भांडणार? पण मला तिचा इतका राग आला, की तिच्या दारातनं उठताना मी तिचं घमेलं लाथाडलं. ती कधी ऐकून घेणारी बाई न्हवं, पण त्या दिवशी तिनं घमेलं सरळ केलं आन परत नारळ सोलाय लागली.

मंग आला पयला उत्सव. सकाळपासनं स्पीकर, मांडव, रव्याचा शिरा. वाडीत येवढी माणसं मी कुणाच्या लग्नातबी बगितली न्हवती. तालुक्यावरनं एक पुढारी आणला व्हता, फेटा बांधून त्याला खुर्चीत बसवला व्हता. बाया मांडवाच्या एका कडंला, दोरीच्या पल्याड. मी सगळ्यात म्होरं बसले. नूतन माज्या शेजारी, माज्या हातावर हात ठेवून. तिला वाटत व्हतं मी काहीतरी करीन. मी काही ठरवलं न्हवतं, खरंच सांगते. मला फकस्त बगायचं व्हतं, की एक तरी माणूस माजं नाव घेतं का.

पुढारी उठला, माइक घेतला, आन म्हणला, "बंधूंनो, आपल्या भागाला मोठा इतिहास आहे. हे भुयार पांडवांनी एका रात्रीत खोदलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्या भागात जिकडं बगाल तिकडं डोंगरात लेणी हायेत, आन कुणी कोरली इचारलं की पांडव! एका रात्रीत! मला तवा पयल्यांदा वाटलं, तितंबी कुणाची तरी कंबर मोडली आसंल, कुणाच्या तरी हाताला घट्टे पडले असतील, आन सगळं गेलं ह्या पाच जणांच्या नावावर.

तो म्हणला, "पहाटे कोंबडा आरवला आणि पांडव निघून गेले. म्हणून बघा, आतली मागची भिंत अर्धवट राहिली आहे."

बस. माजं डोकंच फिरलं.

"कोंबडा न्हाई आरवला!" मी उठून ओरडले. "मी लेकीच्या बाळंतपणाला गेले व्हते म्हणून राहिलीया ती भिंत!"

सगळा मांडव माज्याकडं वळला. मी दोरी उचलली आन आत घुसले. कोण व्हते म्हणं पांडव? ह्यो बग माजा हात! बग घट्टे! ये की इकडं, फेटेवाल्या, तुजा हात दाखीव! ज्ञानेश्वर पळत आला, त्यानं माजा दंड धरला, "आये, आये, गप, पाया पडतो." मी त्याला असा हिसडा दिला की तो शिऱ्याच्या पातेल्यावर जाऊन पडला. त्या झटापटीत माजा अंबाडा सुटला. केस तोंडावर आले. माजं अंग रागानं थाडथाड उडत व्हतं, दात वाजत व्हते, आवाज फाटला व्हता. मी किंचाळत व्हते, "माजं हाय! हे माजं हाय! मी खोदलंय! भाईर व्हा माज्या घरातनं!"

आन तवा बायांच्यातनं कुणीतरी ओरडलं, "आगं बया, अंगात आलं!"

"देवाची भैन आली!" दादाभाऊनं हात जोडले. "भुयारोबाची भैन आली! म्हणती, माजं घर हाय!"

वाजाप सुरू झालं. हलगीवाल्याला काय, तो वाटच बगत असतो. बाया हळदीकुकू घेऊन धावल्या. कुणी कपाळाला मळवट भरला, कुणी पायावर पाणी ओतलं, कुणी लिंबू ओवाळलं. मी म्हणते, "आगं, मी झुंबर हाय, मला राग आलाय!" तर म्हणत्यात, "माय लई रागात हाय, पदरात घे माय, चुकलं माकलं पोटात घाल." मी एकीच्या ताटाला लाथ मारली, तर तिनं ती लाथ कपाळाला लावली. तो फेटेवाला पुढारी, तोबी खुर्ची सोडून खाली मान घालून उभा. मी आयुष्यभर खरं बोलले तवा कुणी ऐकलं न्हाई, आन आता तर मी काय बोलते ते कुणाला ऐकूच येत न्हवतं.

दादाभाऊ म्होरं आला, गुडघे टेकून. "माये, आमचं काय चुकलं? तुला काय पायजे ते माग."

तवा नूतन कुकवाचं ताट घेऊन माज्याजवळ आली. माज्या भांगात कुकू भरायचं निमित्त केलं आन कानाला लागली. "आत्या, मागून घ्या. ही वेळ परत यायची न्हाई." पोरगी इतकी वर्सं तोंडाला पदर लावून बसली व्हती, आन तिला सगळं कळत व्हतं.

एक शब्द बोलायचा व्हता फकस्त. खरं बोलले तर गेट बंद, कुलूप बंद, जन्मभर दोरीच्या पल्याड. खोटं बोलले तर माजं भुयार मला. पण माजीच वस्तू मी कशाला भीक मागितल्यावाणी मागू, तीबी दुसरीच्या नावानं? लई वंगाळ वाटलं मला. समोर गेट उघडं व्हतं. आतनं गार वारा येत व्हता, मुरमाचा वास येत व्हता, सिमेंट लावून, फरशा लावूनबी येत व्हता.

मी डोळे फिरवले आन घोगरा आवाज काढला.

"बाप्ये भाईर!"

काय सांगू, ज्या बाप्यांना मी इतकं ओरडून सांगितलं तरी जागचे हलले न्हाईत, ते एका हाकंला मांडवाच्या भाईर. पुढारी तर चपला इसरून गेला.

"ह्या जाग्यात बाप्यानं पाय टाकायचा न्हाई. पाटी काढा. कुलूप काढा. हितं खोदायचं काम..." माजी जीभ अडली. "खोदायचं काम झुंबर आन तुका करतील." मी माजंच नाव दुसऱ्या कुणाचं असल्यावाणी घेतलं.

"किती खोदायचं माये?" दादाभाऊनं लांबनं इचारलं.

"तिला वाटंल तेवढं!"

ज्ञानेश्वर शिऱ्यानं माखलेला आला. करदोट्याची चावी सोडून दोन्ही तळहातांवर ठेवली, आन जमिनीला कपाळ लावलं. मी चावी घेतली. वाटलं, आता तरी म्हणंल, आये. तो म्हणला, "माये, लेकराला सांभाळ." आन पाठ न दाखवता मागं मागं सरकत गेला.

मी आत गेले. टिकाव त्या मेल्यांनी कोपऱ्यात सिमेंटच्या गोणीखाली टाकला व्हता, तो ओढून काढला. शेंदराच्या दगडाकडं बगितलंबी न्हाई. सरळ मागच्या भिंतीला गेले. माज्यामागं पावलं वाजली, तुका आली व्हती. मला इतकं बरं वाटलं! वाटलं, आता ही म्हणंल, काय नाटक केलंस गं झुंबरे, आन आमी दोघी पोट धरून हसू. ती खाली वाकली. मला वाटलं घमेलं उचलती. तिनं माज्या पायावर डोकं ठेवलं.

"ऊठ तुके," मी म्हणलं. "आगं, मीच हाय. घमेलं घे."

ती उठली. घमेलं घेतलं. तिचे डोळे भरले व्हते आन ती माज्या पायांकडंच बगत व्हती.

मी टिकाव उचलला आन घातला भिंतीवर. भाईर सगळी वाडी ओरडली, "भुयारोबाच्या नावानं चांगभलं!"

मी थांबले. भाईर सगळं चिडीचूप. परत घाव घातला. "चांगभलं!" मी ओरडले, "गप बसा रं, मुडद्यांनो!" तर आणखी जोरात, "चांगभलं!" मंग मी दातओठ खाऊन घावावर घाव घालत सुटले, पोराच्या नावानं, दादाभाऊच्या नावानं, त्या पाच पांडवांच्या नावानं. मुरूम पडत राहिला आन भाईर लोकं ओरडत राहिली. आन माज्या शेजारी, घमेलं भरता भरता, तुकाबी बारीक आवाजात म्हणत व्हती, "चांगभलं, माय, चांगभलं."